सिंगापुरातला पंक्तिप्रपंच

सिंगापूरच्या सहलीवरून परत येऊन आम्हाला तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत संस्थेच्या कार्यालयात माझ्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी आल्या. एक हिंदू पालकाची, एक मुस्लीम पालकाची. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तरीही दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले, तर एकाने दुसऱ्याचा बघून लिहिला असे वाटावे. प्रश्न एकच : मॅडमनी आमच्या मुलाला (दुसऱ्या अर्जात 'मुलीला') कुठे आणि कुणाच्या शेजारी जेवायला बसवले?

प्राचार्यांनी खुलासा मागवला. मी चार ओळींत दिला. कुणालाही त्याच्या धर्मात किंवा घरात न चालणारा पदार्थ खाऊ घातलेला नाही, सर्व मुले सुखरूप परत आली आहेत, वगैरे. जे त्या चार ओळींत मावले नाही, ते इथे लिहिते.

आधी माझी चूक सांगून टाकते. त्या संध्याकाळच्या जेवणासाठी मी पालकांची परवानगी घेतली नव्हती. फोन हातात होता, पालकांचा ग्रुप होता, भारतात तेव्हा दुपारचे चार-साडेचार वाजले होते. विचारता आले असते. विचारले असते तर 'नको' आले असते, हे माहीत होते म्हणून विचारले नाही. एवढी चूक कबूल. बाकीची नाही.

सहल अकरावीची. चोवीस मुले, त्यांत सात मुस्लीम. सोबत दोन शिक्षक, एक सर आणि मी. मी गेले ती उर्दू-मराठीची शिक्षिका म्हणून नव्हे. चार मुस्लीम मुलींच्या घरच्यांनी 'आपल्यातल्या मॅडम सोबत असतील तरच पाठवतो' अशी अट घातली होती. माणशी नव्वद हजार खर्च होता, म्हणजे वर्गातली निम्मी मुले पहिल्या सूचनेलाच गळाली. त्यावर कुणी तक्रार केली नाही. पैशाची पंगत आपल्याला डोळ्यांना खुपत नाही.

नावनोंदणीच्या फॉर्मवर आहाराचा रकाना होता : जैन, शाकाहारी, मांसाहारी, हलाल. इथवर ठीक. कोण काय खाते हे स्वयंपाक्याला कळायलाच हवे. पण खाली आणखी एक ओळ होती : 'स्वतंत्र बैठकव्यवस्था हवी का? हो / नाही.' चोवीसपैकी सोळा फॉर्मांवर 'हो'ला गोल होता. त्यांत सहा मुस्लीम पालक. टूरवाल्याने त्या फॉर्मांवरून बसायची यादी केली. त्या यादीवर दोन शिक्षकांच्या सह्या आहेत आणि त्यांतली एक माझी आहे.

आता तो दिवस. चार दिवसांच्या सहलीतला दुसरा, कार्यक्रमपत्रिकेत 'शहरदर्शन व भोजन' असा छापलेला.

सकाळी मर्लायन. सिंहाचे डोके, माशाचे धड, तोंडातून पाणी. साडेआठ मीटरचा हा पुतळा १९७२ साली बसवला आणि आज सिंगापूर म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो. मुलांनी त्याच्या तोंडातले पाणी आपल्या तोंडात पडते आहे असे फोटो काढले. सगळेच काढतात. पत्रिकेत त्यासाठी चाळीस मिनिटे होती. मी गाइडला म्हटले, समोरचा पूल ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये जाऊन येतो. तो म्हणाला, तिथे काही नाही मॅडम, एक पाटी आहे.

ती पाटी बघायलाच मला जायचे होते. नऊ मुले माझ्याबरोबर आली, बाकीची आइस्क्रीमकडे गेली.

८ जुलै १९४५ रोजी सुभाषबाबूंनी याच ठिकाणी आझाद हिंद सेनेच्या शहीदांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. स्मारक उभे राहिले आणि सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आल्यावर त्यांनी ते पाडून टाकले. १९९५ मध्ये तिथे खुणेची पाटी बसवली गेली. पाडलेल्या स्मारकावर तीन शब्द कोरले होते : इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी. एकजूट, विश्वास, त्याग. वीस वर्षे उर्दू शिकवते आहे. उर्दू ही कुणाची भाषा, हा प्रश्न मला दर वर्षी जूनमध्ये कुणीतरी विचारतेच. त्या पाटीसमोर मी मुलांकडून हे तीन शब्द म्हणवून घेतले. 'एतमाद' म्हणताना नऊपैकी सात जणांची जीभ अडखळली, त्यांत दोन मुसलमान. असो.

पार्कच्या पलीकडे पदांगचे मैदान. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर सुभाषबाबूंनी 'चलो दिल्ली'ची हाक दिली. इथल्याच सिंगापुरात झाशीच्या राणीच्या नावाची बायकांची पलटण उभी राहिली. हे सांगितल्यावर मुलींनी माना वर केल्या. पण मला मुलांना सांगायचे होते ते पलटणीबद्दल नव्हे, स्वयंपाकघराबद्दल. इंग्रजांच्या फौजेत धर्माप्रमाणे, जातीप्रमाणे चुली वेगळ्या असत. आझाद हिंद सेनेने त्या मोडल्या. हिंदू, मुसलमान, शीख एका ठिकाणी शिजवलेले, एका रांगेत बसून जेवू लागले. पुढे लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यावर एकत्र खटला चालला. गांधीजीही तिथल्या कैद्यांना भेटायला गेले होते. कैद्यांनी गाऱ्हाणे घातले, की इथे आम्हाला 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' असा वेगवेगळा चहा देतात. मग तुम्ही काय करता, असे गांधीजींनी विचारले. ते म्हणाले, आम्ही दोन्ही चहा एकत्र ओततो आणि निम्मा निम्मा वाटून घेतो.

मुले हसली. एकाने विचारले, "मॅडम, मुसलमान चहा म्हणजे कसा?" मी म्हटले, तसाच, फक्त किटली वेगळी.

याच मैदानाची दुसरी गोष्टही त्यांना सांगितली, कारण गोड तेवढेच सांगितले तर तो इतिहास नव्हे, खिरापत होते. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबरजयंतीची मिरवणूक याच पदांगवरून निघाली आणि वाटेत मलाय व चिनी यांच्यात दंगल पेटली. त्या वर्षीच्या दोन दंगलींत मिळून ३६ माणसे मेली. आज सिंगापूरच्या शाळा २१ जुलैला वांशिक सलोख्याचा दिवस पाळतात. दंगलीची तारीख त्यांनी झाकून ठेवली नाही, शाळेच्या कॅलेंडरात लावली. आपल्याकडे किती शहरांच्या किती तारखा आहेत! एखाद्या शाळेच्या भिंतीवर त्यातली एक तरी दिसते का?

दुपारी जेवण. भारतीय रेस्टॉरंट, वरचा मजला शाकाहारी, तळमजला मांसाहारी. यादीप्रमाणे मुले पांगली. आमच्या सात मुलांची व्यवस्था समोरच्या गल्लीत एका छोट्या खानावळीत होती, कारण दोन मुस्लीम पालकांनी टूरवाल्याला आधीच फोन करून विचारले होते की मुख्य रेस्टॉरंटमध्ये दारू मिळते का, आणि ती मिळत होती. दारू असलेल्या दस्तरखानावर बसू नये हे मलाही शिकवलेले आहे, मीही पाळते. त्यामुळे या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. पण मग चोवीसच्या चोवीस मुलांसाठी बिनदारूचे एखादे ठिकाण त्या शहरात मिळत नव्हते का? जवळपास १५ टक्के वस्ती मुसलमानांची असलेले ते शहर. 'मुइस' या सरकारी संस्थेचे हलाल प्रमाणपत्र दुकानादुकानावर लावलेले. आणि शाकाहारी खानावळींचा तर लिटल इंडियात सुकाळ. टूरवाल्याने शोधले नाही, कारण कुणी तसे मागितलेच नव्हते. सोळा जणांनी वेगळे मागितले होते. एकत्र मागायला फॉर्मवर रकानाच नव्हता.

आम्ही आठ जण बिर्याणी खात होतो. चांगली होती. एक मुलगी घास हातात धरून म्हणाली, "मॅडम, कॉलेजात तर आम्ही पाच जणी एकाच बाकावर डबे उघडतो. इथे विमानाने येऊन वेगळे का बसलो?"

उत्तर माझ्याजवळ होते : यादी. आणि यादीवर माझी सही होती. मी तिला रायता वाढला.

दुपारनंतर साउथ ब्रिज रोड. हा रस्ता बघायला म्हणून पुन्हा सिंगापूरला जावे. १८२६ साली स्थापन झालेली जामे चुलिया मशीद, तमिळ मुसलमानांची. तिच्यापासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर मारिअम्मनचे देऊळ, १८२७चे. मशिदीवरून एका गल्लीचे नाव मॉस्क स्ट्रीट, देवळाच्या गोपुरावरून दुसरीचे पॅगोडा स्ट्रीट. दोन्ही गल्ल्या चिनी वस्तीत. पुढे त्याच रस्त्यावर बुद्धाच्या दाताचे मोठे मंदिर. मशिदीत हिंदू मुली डोक्यावर ओढण्या घेऊन आल्या, शांतपणे बसल्या, खांब आणि दिवे बघितले. देवळापाशी आमची तीन मुले बाहेर थांबली. घरून सांगितले होते. मी आग्रह केला नाही, चपला सांभाळायला त्यांच्याजवळ दिल्या. मुस्लीम पालकाच्या अर्जातला दुसरा मुद्दा हा आहे की मॅडम स्वतः देवळात गेल्या. हो, गेले. गोपूर बघितले, प्रसाद घेतला नाही, नमस्कार केला नाही, वास्तू बघितली. औरंगाबादला शिकत असताना वेरूळला गेले होते तेव्हाही हेच केले होते, तेव्हा माझ्या अब्बांनी मला बसभाड्याचे पैसे दिले होते.

याच शहरात सुभाषबाबूंना चेट्टियारांच्या देवळातून आमंत्रण आले होते. सगळ्या जातिधर्मांच्या माणसांना आत घेणार असाल तरच येतो, असे त्यांनी कळवले, आणि हैदराबादच्या आबिद हसनसारख्या आपल्या मुसलमान सहकाऱ्यांना घेऊनच ते गेले. ही आठवण आबिद हसन यांनी सांगून ठेवली आहे. सुभाषबाबूंचे फोटो ज्यांच्या दिवाणखान्यात आहेत त्यांनीही ती वाचावी, आणि आपल्या मोहल्ल्यातल्यांनीही.

संध्याकाळी पत्रिकेप्रमाणे मुस्तफा सेंटरमध्ये दोन तास खरेदी आणि नंतर हॉटेलवर पार्सल. पार्सलांवर स्टिकर होते. हिरवे, पिवळे, लाल. हिरवे शाकाहारी, पिवळे मांसाहारी, लाल हलाल. लाल कुणी ठरवले कोण जाणे. मुलांनी आपापल्या रंगाचा डबा घेऊन आपापल्या खोलीत जायचे होते. बसमध्ये ते डबे मांडलेले बघितले आणि माझे डोके फिरले. मी सरांना म्हटले, ज्यांना यायचे त्यांना मी टेक्का सेंटरला नेते, चालत पंधरा मिनिटे आहे. सर घाबरले, पण चांगला माणूस. म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." एकवीस मुले आली. तिघे पार्सल घेऊन सरांबरोबर राहिले.

टेक्का सेंटर म्हणजे लिटल इंडियाच्या तोंडाशी असलेला सरकारी बाजार, आणि त्यातच खाण्याच्या टपऱ्यांचे मोठे दालन, ज्याला तिकडे हॉकर सेंटर म्हणतात. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने छपराखाली, नळ आणि मोरी देऊन बसवले, त्यातून ही सेंटरे झाली. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची वारसा म्हणून नोंद केली. आपल्याकडे अतिक्रमणविरोधी पथक ज्यांची हातगाडी उचलून नेते, ती हीच माणसे. तिकडे त्यांचा वारसा होतो.

दालनात टपऱ्या चारी अंगांनी, मध्ये टेबले सगळ्यांची. तमिळ मुसलमानांची बिर्याणी आणि मुर्तबाक, शाकाहारी थोसाई (आपला डोसाच, पण तिकडचे नाव हे), उत्तरेकडच्या रोट्या, आणि चिनी टपऱ्या, ज्यांतल्या काहींवर डुक्कराचे मांस. टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवले की जागा धरली. मुलांना हे फार आवडले, आपल्या एसटीतला रुमालच तो. आम्ही चार टेबले धरली आणि मी एकच सांगितले : ज्याला जे चालते तेच घ्या, दुकानदाराला विचारून घ्या, कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही. बसा मात्र कुठेही.

कांदा-लसूण न खाणारा एक मुलगा होता. त्याने तीन टपऱ्या फिरून विचारले, कशातच समाधान झाले नाही. शेवटी बॅगेतले घरचे खाकरे काढले आणि उसाचा रस आणला. त्याच्या समोर बिर्याणीवाला, शेजारी थोसाईवाली. खाकऱ्यांचा डबा सगळ्या टेबलावर फिरला, कारण खाकरा सगळ्यांना चालतो. बिर्याणी फिरली नाही, कारण ती सगळ्यांना चालत नाही. कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जे न सांगता कळते, त्यासाठी आपण फॉर्म छापतो.

जेवण झाल्यावर गंमत झाली. तिथे आपला ट्रे आपणच परत न्यायचा असतो, २०२१ पासून ते सक्तीचे आहे. आणि ट्रे ठेवायच्या मांडण्या दोन असतात. एक हलाल, एक हलाल नसलेल्यांसाठी. माझा एक विद्यार्थी रिकामी थाळी हातात घेऊन दोन मांडण्यांच्या मध्ये उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "मॅडम, माझी थाळी हिंदू की मुसलमान?" सगळे टेबल हसले, शेजारचा चिनी म्हातारा न समजताही हसला.

या मांडण्यांपाशी मी थोडा वेळ थांबले. वेगळेपणा तिथेही आहे. पाळला जातो, काटेकोर पाळला जातो. पण तो भांड्यांचा आहे. डुक्कर शिजलेले भांडे माझ्या भांड्यात मिसळू नये, याची काळजी धुण्याच्या जागी घेतली जाते. माणसे कुठे बसावीत याची यादी कुणी करत नाही. आपण नेमके उलटे करतो. रेस्टॉरंटच्या मोरीत कुठले भांडे कशात बुडते हे आपल्यातला एकही पालक विचारत नाही, पण मुलाच्या डाव्या हाताला कोण बसले याचा तपास तीन आठवडे चालतो. मराठीत याला फार जुना शब्द आहे, पंक्तिप्रपंच. शब्द जुना झाला म्हणून रोग गेला, असा माझा समज होता.

सिंगापूर म्हणजे स्वर्ग आहे, असे मी म्हणत नाही. १९८९ पासून तिथे सरकारी घरांच्या इमारतींत कुठल्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा ठरलेली आहे, आणि अल्पसंख्याकाला घर विकायचे असेल तर त्या नियमामुळे गिऱ्हाईक कमी मिळते. सलोखा तिथे कायद्याच्या धाकाखाली वाढलेला आहे. त्याच दुपारी आमच्या बसशेजारून उघड्या लॉरीत मागे बसवलेले मजूर गेले, आपल्याकडचे आणि बांगलादेशातले. मुलांनी हात हलवला, त्यांतल्या दोघांनी परत हलवला. हेही शहरदर्शनच होते, पत्रिकेत नसलेले. पण धाकाने का होईना, तिथल्या मुलाला शेजाऱ्याची सवय होते. आपल्याकडे ती सवय मुलांना आपोआप असते आणि पालक ती मोडून काढतात.

आता तक्रारदारांना थोडे.

पहिले सद्गृहस्थ लिहितात, 'आमच्या मुलासमोर मांस खाल्ले गेल्याने त्याला मानसिक त्रास झाला.' मुलाने मला तसे काही सांगितले नाही, तो दुसऱ्या दिवशीही 'टेक्काला जाऊ' म्हणत होता. खाकरेवाल्या मुलाच्या घरून तक्रार आलेली नाही, हेही नमूद करते. उलट त्याच्या आईने फोन करून विचारले की खाकरे पुरले का. तक्रार ज्यांच्या घरून आली त्यांच्या घरी दर रविवारी मटण शिजते, हे त्यांच्याच मुलाने आम्हाला पाककृतीसह सांगितले आहे. म्हणजे त्रास मांसाचा नाही. मटण कुणाच्या हातात आहे, त्याचा आहे. शाळेच्या पोषण आहारात गरिबाच्या पोराला आठवड्याला एक अंडे द्यायचे म्हटले, तर केवढा गदारोळ झाला! अंडे नको म्हणणाऱ्या पोराला केळे द्या, एवढे साधे होते ते. पण प्रश्न पोराच्या ताटाचा नसतोच, शेजारच्याच्या ताटावर हुकूम चालवायचा असतो.

दुसरे आमच्यातले. ते लिहितात, 'जिथे हराम विकले जाते त्या छताखाली माझ्या मुलीला बसवले.' भाईजान, तुम्ही बारा वर्षे आखातात होतात. तिथल्या कॅम्पात केरळचा नायर, फिलिपिन्सचा ख्रिश्चन आणि तुम्ही एकाच मेसच्या लांब टेबलावर जेवत होतात, हे तुम्हीच मला ईदच्या दिवशी सांगितले आहे, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितले आहे. त्या टेबलाने तुमचा ईमान बिघडला नाही. उलट त्याच कमाईतून मुलीला शिकवलेत, सिंगापूरला धाडलेत. मग मुलीच्या ईमानावर तुमचा एवढा कमी भरवसा का? तिने हलालचे प्रमाणपत्र स्वतः वाचून, दुकानदाराला दोन प्रश्न विचारून, मगच मुर्तबाक घेतला. माझ्यापेक्षा तीच जास्त चौकस होती. आणि उद्या घर भाड्याने मागायला गेलात आणि सोसायटीने 'आमच्या छताखाली मांस खाणारे नकोत' म्हटले, तर कोणत्या तोंडाने भांडणार आहात? छताचा नियम तुम्हीच लिहून दिलात की.

मी स्वतः हलालच खाते, खात राहीन. कुणी माझ्या ताटात जबरदस्तीने काही घालायला आले, तर त्याच्याशीही असेच भांडेन. शाकाहारी मुलाच्या ताटासाठीही भांडेन, आणि त्या संध्याकाळी दुकानदाराशी भांडलेही, कारण त्याने थोसाईच्या तव्यावर अंडे फोडले होते. तवा पुसून घ्यायला लावला. ही गोष्ट कुठल्याही अर्जात नाही.

परवा पुढच्या वर्षीच्या सहलीचे फॉर्म छापून आले. आहाराचा रकाना तसाच, खाली 'स्वतंत्र बैठकव्यवस्था हवी का?' तशीच. मी क्लार्ककडून गठ्ठा मागून घेतला आणि स्टाफरूममध्ये बसून एकेका फॉर्मवरची ती ओळ पेनाने खोडायला लागले. साठ झाले होते, तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, मॅडम, अजून दोनशे कपाटात आहेत.

मी म्हटले, घेऊन या.